पद्मिनीचा कुजलेला पत्रा घरीच बदलतोय, जाणकारांनी वाट दाखवावी

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी नवी घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, १०८९ सीसीची, गिअर स्टिअरिंगजवळ. मधली सात वर्षं ती मामाकडे रत्नागिरीला पडवीत उभी होती. इंजिन अजून ठणठणीत आहे. दुखणं पत्र्याचं आहे.

दिवाळीआधी गाडी धुताना ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं. खालचा नमदा ओलाच होता, आणि पाऊस जाऊन तीन आठवडे झाले होते. नमदा ओढला तर त्याला चिकटून तपकिरी पापुद्रे आले. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार जाऊन पार्किंगच्या फरशीला लागला. मग सगळीकडे टोचत सुटलो. उजव्या दाराखालचा रनिंग बोर्ड, पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा कोपरा, दोन्ही दारांचा तळ आणि डिकीत स्टेपनीखालची जागा, सगळीकडे तेच.

दहा वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये याच उजव्या बाजूचं काम करून घेतलं होतं. रनिंग बोर्डचा फुगवटा छिन्नीने फोडला तेव्हा आतून वर्तमानपत्राचे बोळे निघाले. भोकात कागद कोंबायचा, वरून पुट्टी ओढायची, घासून रंग मारायचा. बाहेरून गुळगुळीत, आणि आतला कागद दहा पावसाळे पाणी धरून बसलेला. त्या दिवशी वडील शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत, बोळा हातात घेऊन उलगडून बघत राहिले. तेव्हाच ठरवलं की आता जे होईल ते माझ्या डोळ्यांसमोर होईल.

माझी तयारी सांगतो. फॅब्रिकेशनचं थोडं शिक्षण झालंय, जाड लोखंडावर हात बसलाय, पातळ पत्र्यावर नाही. घराखाली स्वतंत्र शेड आहे. मित्राचं सिंगल फेजवर चालणारं मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) सहा महिने वापरायला मिळालंय. ग्राइंडर आणि ड्रिल घरचेच. हाती वेळ आहे नोव्हेंबर ते मे, कारण पुण्याची हवा कोरडी असते ती तेवढेच महिने. उघडा पत्रा घेऊन जूनमध्ये शिरायचं नाही.

विचारायचं हे की सुरुवात कुठून करू? रनिंग बोर्ड आधी कापू की फ्लोअर? पत्रा किती गेजचा घेऊ? आणि वरवरच्या गंजाला रसायन पुरतं का?

पत्रेवाला

कर्वेनगरकर, ग्राइंडर खाली ठेवा. पहिलं काम कापायचं नाही, पाणी कुठून येतंय ते शोधायचं आहे. पाऊस जाऊन तीन आठवड्यांनी नमदा ओला होता असं तुम्हीच लिहिलंय. ते पाणी खालून उडालेलं नाही, वरून उतरलंय. नवा पत्रा घातलात आणि वाट तशीच राहिली, तर पाच वर्षांनी हाच धागा पुन्हा लिहाल.

शोधायची रीत अशी. मॅट, नमदा सगळं काढून आतला पत्रा कोरडा पुसा. पुढच्या काचेखाली, पेडलांच्या मागे, दारांच्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळीने बारीक धार सोडायची. धार खालून सुरू करून हळूहळू वर न्यायची, प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरूनच सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काही कळत नाही. पावडरीवर ओघळ उमटला की तीच वाट.

आता तुमच्या प्रश्नाकडे. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी म्हणजे खालचा सांगाडा नाही. पत्र्याची पेटी हीच चासी, आणि दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड हे तिचे कणे. उजवा कणा कापला की गाडी मधून बसू शकते. म्हणून आधी दाराच्या फटी तीन-तीन ठिकाणी मोजून वहीत लिहा. मग पुढच्या आणि मधल्या खांबांत एक इंची अँगल आडवा आणि तिरका टाके मारून बसवा. गाडीचं वजन ॲक्सलखाली मजबूत घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) असू द्या. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, हे हात जोडून सांगतो. एका वेळी एकच बाजू. आधी आतला थर आणि फ्लोअरची कड, मग बाहेरचा थर, कारण फ्लोअर त्याच कडेला येऊन जुळतो.

पत्रा सीआरचा (कोल्ड रोल्ड, साधा पोलादी) घ्या. बाहेरच्या भागांना २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, फ्लोअर आणि आतल्या मजबुतीला १८ गेज म्हणजे १.२ च्या आसपास. जीआय म्हणजे जस्ताचा पत्रा नको. तो वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, रात्री थंडी वाजून ताप भरतो. मी हे अंगावर काढलंय.

कुजका भाग कापताना हात आखडू नका. चकचकीत, चांगला, आवाज देणारा पत्रा लागेपर्यंत कापत जा. हातोडीने टकटक करा. चांगला पत्रा वाजतो, कुजलेला बद्द बोलतो. भोक बोटाएवढं दिसलं तरी ठिगळ तळहाताएवढं लागणार, हे धरूनच चला.

चिपळूणची

आमच्याकडेही एक जुनी फियाट आहे, म्हणून वाचतेय. दादा, आमचं घर समुद्रापासून बरंच आत आहे, तरी गाडीचा खालचा भाग पुण्याच्या गाड्यांपेक्षा लवकर जातो. हे मिठामुळेच का? आणि रोज खालून धुतली तर फायदा की तोटा?

रसायनशाळा

ताई, मीठ हे कारणाचा अर्धा भाग. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. ओल्या पत्र्यावर एकाच थेंबाखाली छोटी विद्युतघटं तयार होतात. एका जागी लोखंड विरघळतं आणि शेजारी ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो. पाण्यात मीठ असलं की वीज वाहून नेणं सोपं होतं आणि हे सगळं वेगाने चालतं. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा ओलसरच राहतो. उरलेला अर्धा भाग कोकणातल्या दमटपणाचा. तिथे भिजलेली खाच वाळतच नाही.

गोड्या पाण्याने खालून धुणं चांगलं, पण धुऊन लगेच झाकून ठेवू नका. एक फेरी मारून आणा, वारा लागू द्या.

गंजाची आणखी एक खोड लक्षात ठेवा. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसवलेत, तिथली शिवण आतून फुगते आणि रंगाखाली लांबट गाठ दिसते. गाठ दिसली म्हणजे गंज दोन थरांच्या मध्ये आहे, आणि तिथे बाहेरून लावलेलं कुठलंच औषध पोचत नाही.

कर्वेनगरकरांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. बाजारातली गंज बदलणारी रसायनं मुख्यतः दोन जातींची असतात. फॉस्फरिक ॲसिडवाली गंजाचं लोह-फॉस्फेट करतात. टॅनिनवाली काळा-निळा थर करतात. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो किंवा हिरडा आणि हिराकस यांची शाई काळी होते, तीच ही क्रिया. दोन्ही चालतात, पण पातळ आणि घट्ट बसलेल्या गंजावरच. पापुद्रे सुटत असतील तर रसायन वरचा थर बदलतं आणि खालचा गंज तसाच राहतो. आधी वायर ब्रश, मग रसायन. फॉस्फरिक वापरलं तर नीट धुऊन पूर्ण वाळवा. ॲसिड मागे राहिलं तर त्यावरचा इपॉक्सी प्रायमर नीट कडक होत नाही.

बिजागऱ्या, ब्रॅकेट अशा सुट्या वस्तूंना किराणा दुकानातलं लिंबूफूल पुरतं. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम, रात्रभर बुडवा, सकाळी ब्रशने घासा, धुऊन लगेच वाळवा. कडक पोलादाच्या स्प्रिंगा मात्र ॲसिडात टाकू नका, हायड्रोजन शिरून त्या ठिसूळ होतात. बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरूनही गंज निघतो. वस्तू निगेटिव्हला जोडायची, पॉझिटिव्हला साध्या लोखंडाचा तुकडा. तिथे स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे उघड्यावरच करा, कारण हायड्रोजन सुटतो.

नानापेठी

आमच्या घरात दोन पिढ्या डेंटिंगच्या. पत्रेवाल्यांचं सगळं पटलं, एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. वडील आयुष्यभर गॅस वेल्डिंगने जोडत आले. गॅसचा जोड मऊ राहतो, मागून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने ठोकता येतो, त्यामुळे वर पुट्टी जवळजवळ लागत नाही. मिगचा टाका कडक असतो, ठोकायला गेलं की शेजारचा पत्रा ताणतो. मडगार्डसारख्या दिसणाऱ्या भागाला मी अजून गॅसच लावतो.

पण नवख्याने गॅसवर हात घालू नये. उष्णता पसरते, पत्रा लाटांसारखा होतो आणि त्या लाटा बसवायला वर्षांचा सराव लागतो. फ्लोअर आणि रनिंग बोर्ड मिगनेच करा. आर्कची कांडी मात्र २० गेजला लावू नका, जोड होण्याऐवजी भोकं पडतील.

कर्वेनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितोय, कारण त्यातले पहिले दोन पाण्याच्या मागे गेले.

टाल्कमची युक्ती अचूक ठरली. मुलगा आत टॉर्च घेऊन बसला, मी नळी धरली. दारं, मडगार्ड, सगळं कोरडं. धार पुढच्या काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर आली आणि चौथ्या मिनिटाला तो ओरडला, "बाबा, आलं!" काचेचं रबर तिथे कडक होऊन आक्रसलंय. त्याखाली पत्र्याच्या ओठाला गंज चढून दोन भोकं पडलीत. पाणी तिथून आत, पेडलांच्या मागून खाली, नमद्यात. फ्लोअर कुजला होता तो काचेमुळे. मी वर्षानुवर्षं खालून अंडरकोटिंग करून घेत होतो, आणि त्या जाड थराने आतलं पाणी खाली गळूही दिलं नाही.

दारांचं कारण वेगळं निघालं. काचेशेजारून दारात पाणी उतरतंच, ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचना आहे. आमच्या शेडबाहेर गुलमोहर आहे. त्याची बारीक पानं दारात साचून चिखल झाला होता आणि चारही भोकं बंद. दोन्ही दारांतून मिळून मूठभर काळी माती निघाली.

मग कापाकापी. बॅटरी काढून घरात ठेवली. डिकीकडचं काम नंतर असलं तरी पेट्रोलची टाकी आधीच उतरवली. (रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, आत वाफ असते. तिच्याजवळ ठिणगी नकोच.) सीट, वायरिंग, नमदा, डांबरी शीट सगळं बाहेर. पाण्याच्या दोन बादल्या आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी. वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास तिथून हलायचं नाही, हा नियम घरच्यांनी घातला आणि तो योग्य ठरला. एकदा खांबाच्या आतल्या जुन्या फोमला धग लागून दहा मिनिटांनी धूर आला होता.

ठिगळांचे नमुने आधी पुठ्ठ्याचे केले. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा यासाठी फार चांगला, वाकतो पण आकार धरतो. तो बसला की मगच पत्र्यावर आखायचं. मिगला ०.६ मिलिमीटरची तार, सीओटू गॅस. आधी दोन दिवस टाकाऊ २० गेजवर सराव केला. पहिल्या दिवशी नुसती भोकं. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं की सलग ओढायचंच नाही. एक टाका, मग वीतभर लांब दुसरा, मग उलट्या टोकाला तिसरा. मधली जागा हाताला गार लागली की मगच भरायची. फ्लोअरचं एक ठिगळ पूर्ण व्हायला अख्खा रविवार लागला. भोक पडलंच तर फ्रिजची जुनी तांब्याची नळी ठोकून चपटी केली आणि मागून धरली. तांब्याला वेल्ड चिकटत नाही, भोक मात्र भरून येतं. ही नळी जुन्या बाजारातून आणली.

जिथे कारखान्याचे स्पॉट वेल्ड (दोन पत्रे जोडणारे ठिपके) होते तिथे वरच्या पत्र्याला ६ मिलिमीटरची भोकं पाडून त्यातून वेल्ड भरलं. दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे आधी जस्ताचा वेल्डिंग प्रायमर लावला. अँगलचे आधार काढले आणि दाराच्या फटी मोजल्या. वहीतल्या आकड्यांशी नऊपैकी आठ जुळले, एका जागी एक मिलिमीटरचा फरक आहे. दार पहिल्या धक्क्याला लागलं. वडिलांनी ते तीन-चारदा उघडून बंद करून बघितलं.

सोसायटीवाला

दादा, आम्ही फ्लॅटमध्ये. पार्किंगमध्ये ग्राइंडर चालवला तर तक्रार होईल. शेड नसलेल्यांनी काय करावं? आणि रंगही घरीच मारणार का?

पत्रेवाला

ग्राइंडिंग आणि वेल्डिंग फ्लॅटच्या पार्किंगमध्ये करूच नका. आवाज हा एक भाग झाला, पण ठिणग्या शेजारच्या गाडीच्या काचेत रुततात आणि त्या निघत नाहीत. पाण्याची वाट शोधणं, दारांची भोकं मोकळी करणं, सुटे भाग लिंबूफुलात टाकणं, पोकळीत मेण मारणं ही कामं मात्र पार्किंगमध्ये बिनधास्त होतात, आणि गाडी वाचते ती यातल्याच कामांनी.

टू-के पीयू रंग (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) घरी स्प्रे करू नका. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, एकदा फुप्फुसांना त्याची ॲलर्जी बसली की आयुष्यभर दमा. एन-९५ मास्क धूळ अडवतो, ही वाफ नाही. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आणि बूथ लागतो. रंगाला गाडी बूथमध्ये द्या.

कर्वेनगरकर, एक महत्त्वाचं. उघडा पत्रा त्याच दिवशी दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरने बंद करा. नेहमीचा राखाडी सरफेसर सच्छिद्र असतो, पाणी पितो. "प्रायमर मारलाय, रंग दिवाळीनंतर" म्हणून पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांचा पत्रा खालून लाल झालेला मी फार बघितलाय. पुट्टी लागली तर इपॉक्सीच्या वर, तीही दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको.

संगमपूल

मधेच एक कागदपत्रांचं. रंगाची छटा बदलणार असाल तर आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते, त्याच रंगात ठेवलीत तर प्रश्न नाही. चासी नंबर कोरलेल्या जागेला ग्राइंडर, पुट्टी, जाड रंग काहीही लागू देऊ नका. नोंदणीच्या नूतनीकरणाला तिथे पेन्सिलीने ट्रेसिंग घेतात. तुमची १९८४ ची, म्हणजे सध्या पंधरा वर्षांनंतरचं दर पाच वर्षांचं नूतनीकरणच. २०२१ च्या केंद्रीय नियमांतली व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांपुढच्या गाड्यांना आहे, तुमची २०३४ मध्ये बसेल. पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

चिपळूणची

पत्रेवाले दादा, पोकळीत मेण म्हणजे नक्की काय? आमच्याकडे दर वर्षी जळकं ऑइल मारतात.

पत्रेवाला

ताई, जळक्या ऑइलने काही महिने गंज थांबतो हे खरं. पण ते गळतं, धूळ धरतं, दारांची रबरं फुगवतं आणि पुढे वेल्डिंगची वेळ आली की पेट घेतं. त्याऐवजी कॅव्हिटी वॅक्स घ्या. लांब नळी असलेल्या डब्यात मिळतं. रंगकाम पूर्ण झाल्यावर रनिंग बोर्डच्या, खांबांच्या, दारांच्या आत नळी घालून मागे ओढत ओढत मारायचं. पातळ असताना शिवणींत शिरतं आणि मग तिथेच मऊ थर धरून राहतं. उन्हाळ्यात, गाडी तापलेली असताना मारलं तर जास्त आत जातं. मारून झालं की तळाची भोकं तारेने पुन्हा मोकळी करा, हे लोक विसरतात. दर दोन पावसाळ्यांनी परत बघा.

कर्वेनगरकर

मे संपत आला, म्हणून शेवटचं कळवतो.

काच काढून ओठाची दोन्ही भोकं भरली, इपॉक्सी मारलं, नवं रबर बसवलं. रबर नाना पेठेत मिळालं. पहिल्या दुकानात दिलेलं कोपऱ्यात तोकडं पडत होतं, म्हणून जुनं रबर हातात घेऊन पुन्हा गेलो आणि लांबी जुळवून आणलं. मडगार्डचा कोपरा नानापेठी यांनी सांगितल्याप्रमाणे गॅसवाल्या कारागिराकडून करून घेतला, आणि त्यावर पुट्टी खरंच नावालाच लागली. रंग बूथमध्ये, मूळचाच पांढरा. परवा भर दुपारी, पत्र्याला हात लावता येत नव्हता तेव्हा, सगळ्या पोकळ्यांत मेण मारलं.

नमदा अजून घातलेला नाही. फ्लोअर उघडाच ठेवलाय, त्यावर फक्त रंग आहे, म्हणजे पहिल्या पावसात थेंब जरी आला तरी दिसेल. काल वळवाची सर आली. गाडी मुद्दाम शेडबाहेर काढली आणि आम्ही तिघं आत बसलो, मुलगा टॉर्च घेऊन पेडलांपाशी वाकलेला. पाऊण तास पाऊस पडला. टाल्कमवर ओघळ नाही.

डावा रनिंग बोर्ड वाजवून बघितलाय. पुढे वाजतो, मागच्या चाकाजवळ बद्द बोलतो. नोव्हेंबरमध्ये तो उघडणार.

नानापेठी

उघडाल तेव्हा धागा वर काढा. मी एक दिवस डॉली-हातोडी घेऊन येतो.